जुने डबे, नवा रंग आणि वाशीमचा उतारू

नव्या धाटणीचे डबे प्रथम मोठ्या गाड्यांस मिळावे आणि तेथून सुटलेल्या जुन्या डब्यांनीं, डागडुजी व रंगरोगण होऊन, दुय्यम मार्गांवरील गाड्या चालवाव्या, असा सध्यां आपल्या रेल्वेचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याचा लाभ म्हणा अथवा भार म्हणा, ज्यांच्या पदरीं पडावयाचा त्या लोकांत वाशीम जिल्ह्याची गणना होते. कारण अकोला ते पूर्णा हा आमचा चालू स्थितींतला एकुलता एक रूळमार्ग दुय्यम मार्गांतच मोडतो. तेव्हां या प्रश्नाचा विचार आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापारीवर्गानें, शांत चित्तानें करावा या हेतूनें आज आम्ही चार शब्द लिहीत आहों.

अशा डब्यांविषयीं बोलणारांचे सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष ताजा रंग व लखलखीत दिवे पाहिले कीं हार-तुरे घेऊन स्टेशनावर धांवतो आणि आपल्यावर मोठीच कृपा झाली असें मानतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, थोरल्या घरचें विटलेलें लुगडें धुवून आम्हांस दिलें. हा आमचा अपमान आहे. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं मुख्य मुद्दा बाजूस ठेविला आहे. डबा जुना असणें हा अपराध नव्हे आणि रंगविलेला असणें हा गुण नव्हे. तो डबा किती वर्षांचा, त्याच्या पोटांत काय दुरुस्त झालें, तो कोणत्या वेळेस व किती दिवस धांवणार, याचा लेखी हिशेब उतारूच्या हातीं आहे कीं नाहीं, हा खरा मुद्दा होय. हिशेबासह आलेला जुना डबा आम्ही आनंदानें घेऊं. बिनहिशेबी नव्या रंगाला मात्र आम्ही भुलणार नाहीं.

वाशीमकरांस या बाबतींत संशय कां यावा, हें समजण्यास थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें हें प्राचीन वत्सगुल्म इंग्रजी अमलांत वऱ्हाडांतील एका स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून अकोल्यास जोडण्यांत आला, आणि पुन्हां जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. रुळांची कथाही अशीच आहे. मुंबईहून निघालेला मार्ग अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा यांवरून १८६७ सालीं नागपूरास पोंचला. वाशीम त्याच्या दक्षिणेस राहिलें. दुसऱ्या बाजूनें निजामाच्या रेल्वेची शाखा १९१२ सालीं पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आली आणि तेथेंच थांबली. उत्तरेस गाडी, दक्षिणेस गाडी, आणि मधल्या मुलखांत बैलगाडी! दोन राज्यकारभारांच्या सीमेवर ज्यांचीं घरें, त्यांची सोय कोणीच पाहत नाहीं, याचें हें नमुनेदार उदाहरण होय.

हिंगोली व अकोला यांमधील सांधा जुळला तो स्वराज्य आल्यानंतर, १९६० च्या सुमारास. आणि तोही मीटरगेजचा. त्यामुळें अकोल्यास मोठ्या मार्गावर जावयाचें म्हणजे उतारूनें गाडी बदलावी आणि व्यापाऱ्यानें मालाचें पोतें एका डब्यांतून उतरून दुसऱ्यांत चढवावें, अशी दोन पिढ्यांची हमाली आमच्या नशिबीं आली. २००८ सालीं अकोला–पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. पुढें त्यावर विजेच्या ताराही आल्या. या सुधारणांचें श्रेय ज्यांचें त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु प्रत्येक सुधारणा आमच्या दारीं एक पिढी उशिरां आली, हेंही तितकेंच खरें आहे. आणि अजूनही रिसोड, मंगरूळपीर व मानोरा या तालुक्याच्या गांवीं रूळ मुळींच नाहींत. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें ११,९७,१६० लोकवस्तीचा हा जिल्हा. २०१८ सालीं मध्यवर्ती सरकारनें देशांतील मागासलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून जी यादी केली, तींत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आले त्यांत नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आतांचें धाराशीव) यांच्या पंक्तीस वाशीमही बसलें. अशा जिल्ह्यास गाडी ही चैनीची वस्तु नाहीं. अकोल्याच्या दवाखान्यांत जाणारा रोगी, तेथील महाविद्यालयांत जाणारा विद्यार्थी, नांदेड-हैदराबादच्या पेठेशीं व्यवहार करणारा आडत्या, या सर्वांचें काम तिच्यावर चालतें.

आतां आजची स्थिति पहा. १० ऑगस्ट २०२५ रोजीं नागपूरच्या अजनी स्टेशनाहून पुण्यास ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. ती अकोल्यावरून जाते. त्याच महिन्याच्या अखेरीस जालना–मुंबई ‘वंदे भारत’ नांदेडपर्यंत वाढविण्यांत आली; तिचा रस्ता पूर्णेवरून आहे. म्हणजे आमच्या सुमारें २१० किलोमीटरांच्या मार्गाच्या दोन्ही टोंकांस देशांतील अगदीं नव्यांतली नवी गाडी दिसते, आणि मधल्या वाशीम-हिंगोलीच्या उतारूनें ती अकोल्यास किंवा पूर्णेस जाऊन डोळे भरून पहावी. आम्ही तिचा हेवा करीत नाहीं. ज्या मार्गावर उतारू अधिक तेथें नवी गाडी आधीं जावी, हें व्यवहारास धरून आहे. परंतु मोठ्या मार्गांची सोय झाल्यावर लहान मार्गांस काय द्यावयाचें व तें कोणत्या अटींवर, याचा निर्णय केवळ रेल्वेच्या सोयीनें होऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

जुने डबे कोणते व त्यांचें वैगुण्य कशांत, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. मद्रासजवळ पेरांबूर येथें २ ऑक्टोबर १९५५ रोजीं डब्यांचा कारखाना सुरू झाला, तो स्वतंत्र भारताच्या उद्योगांतील एक अभिमानाची गोष्ट होती. स्विस कंपनीच्या नमुन्यावर तेथें बनलेल्या निळ्या-तांबड्या डब्यांनीं साठ वर्षें या देशाची वाहतूक केली. त्या डब्यांस आम्ही कृतघ्नपणें नांवें ठेवणार नाहीं. तथापि काळ पुढें जातो आणि शास्त्रही पुढें जातें. जर्मन धाटणीचे जे नवे डबे या शतकाच्या आरंभापासून आपल्याकडे आले, त्यांचें कपलिंग असें आहे कीं गाडी घसरली अथवा आदळली तरी एक डबा दुसऱ्याच्या डोक्यावर सहसा चढत नाहीं. जुन्या धाटणींत, आंकडा व बफर यांच्या जोडणीमुळें, डबे एकमेकांत घुसण्याचें व एकमेकांवर चढण्याचें भय मोठें असतें. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१२ सालीं रेल्वेच्या सुरक्षिततेविषयीं जो अहवाल दिला, त्यांत जुन्या धाटणीचे डबे बनविणें बंद करून नव्या धाटणीचेच बनवावे, असें स्पष्ट सांगितलें होतें. तरीही पेरांबूरास शेवटचा जुना डबा तयार झाला तो जानेवारी २०१८ मध्यें. मधल्या काळांत, २० नोव्हेंबर २०१६ च्या पहांटे, कानपूरजवळ पुखरायां येथें इंदूर–पाटणा गाडी घसरली आणि सुमारें दीडशें माणसें प्राणास मुकलीं. त्या गाडीचे डबे जुन्या धाटणीचे होते. तज्ज्ञाचा सल्ला मिळाल्यानंतर तो अमलांत येण्यास जो विलंब लागतो, त्या विलंबाचीही किंमत असते, हें या प्रसंगावरून ध्यानांत यावें.

जुन्या डब्याचें आयुष्य सामान्यतः पंचवीस वर्षें धरतात. या हिशेबानें २०१८ च्या आरंभीं बनलेला शेवटचा डबा २०४३ पर्यंत धांवूं शकेल. म्हणजे हा प्रश्न आज-उद्यां आपोआप मिटणारा नाहीं. आज शाळेंत जाणारीं मुलें संसारास लागेपर्यंत तो राहणार आहे. आणि जसजसे नवे डबे मोठ्या गाड्यांस मिळतील, तसतसे उरलेले जुने डबे आमच्यासारख्या मार्गांकडे अधिकाधिक वळतील, हें सांगावयास ज्योतिषी नको.

या डब्यांस सुधारण्यासाठीं २०१८ सालीं ‘उत्कृष्ट’ नांवाची योजना निघाली. तींत एका गाडीमागें सुमारें ६० लक्ष रुपये खर्च धरण्यांत आला होता. वीस डब्यांची गाडी धरली तर डब्यागणिक तीन लक्ष पडतात. तेवढ्या रकमेंत रंग, विजेचे नवे दिवे, शौचकूपांची सुधारणा, फलक, अंध उतारूंसाठीं ब्रेल अक्षरें, केराच्या पेट्या इतकें झालें. हीं सर्व कामें चांगलींच आहेत. स्वच्छ शौचकूप ही आमच्या स्त्रियांच्या दृष्टीनें क्षुल्लक बाब नव्हे. परंतु तीन लक्षांत डब्याचा सांगाडा बदलत नाहीं. आतां या आंकड्याशेजारीं दुसरा एक आंकडा ठेवा. रेल्वे-अपघातांत मृत्यु आल्यास वारसांस द्यावयाची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून चार लक्षांवरून आठ लक्ष झाली आहे. एका अख्ख्या डब्याच्या कायापालटास तीन लक्ष, आणि त्याच डब्यांतील एका जिवाच्या नाशास आठ लक्ष! केवळ दुकानदाराच्या हिशेबानें पाहिलें तरी अपघात टाळणाऱ्या दुरुस्तीवर पैसा घालणें हाच फायद्याचा सौदा ठरतो.

हा पेंच एकट्या आपल्याच देशास पडला आहे असें नाहीं. आगगाडीची जन्मभूमि जी विलायत, तेथेंही नुकताच असा प्रयोग झाला, आणि त्याचा निकाल आपण डोळसपणें वाचण्यासारखा आहे. १९७६ सालापासून इंग्लंडांत ज्या वेगवान गाड्या धांवत होत्या, त्यांस नव्या गाड्या आल्यामुळें मोठ्या मार्गांवरून रजा मिळाली. स्कॉटलंडांतील ग्लासगो, एडिंबरो, ॲबर्डीन, इन्व्हर्नेस वगैरे सात शहरांस जोडण्याकरितां त्यांपैकीं २६ गाड्या नूतन करून वापरावयाचें ठरलें आणि २०१८ च्या ऑक्टोबरांत त्यांचा आरंभ झाला. आसनें सुधारलीं, हातानें उघडावयाच्या दारांच्या जागीं आपोआप सरकणारीं दारें आलीं, मैला रुळांवर न पडतां टांकींत सांठण्याची व्यवस्था झाली. पण कारखान्यांतील काम लांबलें, आणि वेळापत्रक पाळण्यासाठीं कांहीं गाड्या डागडुजीवांचूनच उतारूंच्या माथीं मारण्यांत आल्या. तरीही गाडी ऐसपैस आहे, खिडकी मोठी आहे, म्हणून कित्येक उतारू संतुष्टच होते.

पुढें १२ ऑगस्ट २०२० रोजीं ॲबर्डीनच्या दक्षिणेस कार्मोंट येथें मुसळधार पावसानें रुळांवर दगडगोटे वाहून आले आणि अशीच एक गाडी घसरली. गाडींत नऊच माणसें होतीं. त्यांपैकीं चालक, कंडक्टर व एक उतारू असे तिघे मरण पावले. मार्च २०२२ मध्यें चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघाताचें मूळ कारण गाडी नव्हे, तर रुळांशेजारची गटार आराखड्याप्रमाणें बांधलेली नव्हती, हें त्यांत निष्पन्न झालें. रूळ सांभाळणाऱ्या संस्थेस २०२३ सालीं ६७ लक्ष पौंडांचा दंडही झाला. परंतु चौकशी करणारांनीं तेथेंच लेखणी ठेविली नाहीं. ही गाडी आधुनिक टक्करमानें ठरण्यापूर्वींची आहे, ती त्या मानांप्रमाणें बांधलेली असती तर परिणाम कमी भयंकर होण्याचाच संभव अधिक होता, असें त्यांनीं लिहून ठेविलें. दारें बदललीं, आसनें बदललीं, टांकी आली. सांगाडा मात्र जुनाच होता, आणि कसोटीच्या क्षणीं परीक्षा झाली ती सांगाड्याची. यांतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. रूळ, पूल, गटारें यांची निगा ही पहिली गोष्ट, डबा त्यानंतर. आणि डब्यांतही पोट आधीं, पाठ मागाहून.

उलट, जुनें म्हणजे टाकाऊ, असेंही कोणी समजूं नये. त्याचा दाखला आमच्या जिल्ह्यांतच आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वेची ११३ किलोमीटरांची चिमुकली नॅरोगेज वाट कारंज्यावरून जाते. एका विलायती कंपनीनें वऱ्हाडचा कापूस वाहण्याकरितां ती बांधली. १९२१ सालीं मँचेस्टरास बनलेलें तिचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे एकाहत्तर वर्षें, इमानें चाललें. यंत्राची निगा राखली तर तें माणसाच्या आयुष्याइकें टिकतें, हें त्या इंजिनानें सिद्ध केलें. मग ती गाडी आज बंद कां? इंजिन म्हातारें झालें म्हणून नव्हे. डिझेलचें नवें इंजिन तर मिळालेंच होतें. मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा, गाडी चालविणार सरकारी रेल्वे. मग रुळांवर पैसा कोणी घालावा, या वादांत रूळ खंगले, वेग बैलगाडीच्या पंक्तीस आला, उतारू मोटारीकडे वळले आणि शेवटीं उतारू नाहींत या सबबीखालीं चाकें थांबलीं. आधीं आजाऱ्याचें अन्न तोडावयाचें आणि मग तो अशक्त आहे म्हणून त्याची आशा सोडावयाची, असा हा न्याय. इंजिन बदललें पण रुळांची जबाबदारी कोणाची हें ठरलें नाहीं, तर गाडी जगत नाहीं, हें कारंज्याचे लोक आम्हांपेक्षां अधिक जाणतात.

म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, डागडुजी केलेल्या डब्यांचा स्वीकार वाशीमकरांनीं चार अटींवर करावा.

पहिली अट हिशेबाची. प्रत्येक डबा कोणत्या सालीं बनला, त्याची मध्यवयांतील मोठी दुरुस्ती भोपाळच्या निशातपुऱ्यास अथवा अन्यत्र केव्हां झाली, पुढील तपासणीसाठीं तो लालागुड्यासारख्या कारखान्यांत केव्हां जावयाचा, हें स्टेशनावर लावून जाहीर व्हावें. यांत गुप्त असें कांहींच नाहीं. सामान्य वाचकांस ठाऊक नसेल, पण डब्याच्या अंगावरच त्याची जन्मतिथि लिहिलेली असते. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आंकडे तो बनल्याचें साल दाखवितात, आणि डब्याच्या टोंकाच्या भिंतीवर कारखान्यांत परतण्याची तारीख रंगविलेली असते. ज्याचा आरंभ ९८ नें होतो तो डबा आमच्या जिल्ह्याचा समवयस्क, आणि त्याचें पंचवीस वर्षांचें मान २०२३ सालींच पुरें झालें, एवढें गणित कोणाही दुकानांतल्या मुलास करतां येईल. तें त्यानें अवश्य करावें.

दुसरी अट क्रमाची. आधीं कपलिंग, ब्रेक, चाकें, दारें, विजेच्या तारा आणि आग न धरणारें सामान, मग दिवे, सर्वांच्या शेवटीं रंग. जुन्या धाटणीच्या कांहीं डब्यांस नव्या तऱ्हेचें कपलिंग बसविण्याचें काम रेल्वेनें स्वतःच केलेलें आहे. तेव्हां हें अशक्य आहे असें म्हणण्याची सोय तिला राहिलेली नाहीं.

तिसरी अट भरीची. मोठ्या मार्गावरून सुटलेले डबे आमच्याकडे यावयाचे असतील तर त्यांनीं गाड्यांची संख्या वाढावी. आहे त्या गाडीचेच डबे बदलून नवी गाडी दिल्याचा डांगोरा पिटूं नये. कचेगुडा–नरखेड इंटरसिटी, अमरावती–तिरुपती, नागपूर–कोल्हापूर या गाड्या वाशीमवरून जातात, त्या दूरच्या उतारूंस सोयीच्या आहेत. परंतु जिल्ह्याच्या माणसाची गरज निराळी आहे. सकाळीं कचेऱ्या व दवाखाने उघडण्यापूर्वीं अकोल्यास पोंचविणारी आणि दिवेलागणीस घरीं आणणारी गाडी रोज, नेमकी आणि वेळेवर मिळते कीं नाहीं, या एकाच कसोटीवर वेळापत्रक तपासावें. त्या वेळेस धांवणारा पंधरा वर्षांचा सुस्थितींतला डबा आम्हांस अवेळीं येणाऱ्या नव्या कोऱ्या डब्यापेक्षां अधिक मोलाचा वाटेल.

चौथी अट मुदतीची. वकिलीच्या धंद्यांत मुदत नसलेला करार म्हणजे भांडणाचें बीज, असें आम्ही मानतों. जुने डबे तात्पुरते आहेत ना? मग ते किती वर्षांनीं जातील व त्यांच्या जागीं कोणत्या धाटणीचे येतील, हें लेखी सांगावें. शेजारच्या मराठवाड्यांत लातूरास २०१८ सालीं डब्यांच्या कारखान्याची कोनशिला बसली आणि २०२० च्या डिसेंबरांत तेथें पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. ज्या मुलखांत नवे डबे घडावयाचे, त्याच मुलखानें जुने डबे अनंत काळ ओढावे, हें शोभणारें नाहीं.

कायदा या बाबतींत आम्हांस थोडें साह्य करतो व थोडा दगा देतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें नवा मार्ग उतारूंसाठीं उघडण्यापूर्वीं सुरक्षा आयुक्तांची पाहणी व्हावी लागते. आणि हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान खात्याच्या हाताखालीं असतात, ही तरतूद शहाणपणाची आहे. त्याच कायद्यानें, एखाद्या मार्गावर आधींपासून चालणाऱ्या धाटणीहून निराळ्या धाटणीची गाडी आणावयाची तर मध्यवर्ती सरकारची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. परंतु यांतील मख्खी अशी कीं, नव्यास परवाना हवा, जुन्यास नको. जुन्या धाटणीचा वीस वर्षांचा डबा दुसरीकडून आणून येथें जोडला, तर तेवढ्यासाठीं या तरतुदीखालीं कोणाची मंजुरी लागत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचें काम लोकसभेंतील आमच्या प्रतिनिधींचें आहे. तोंपर्यंत २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आमच्या हातीं आहे. दहा रुपयांच्या अर्जानें डब्याचें वय, दुरुस्तीची तारीख व खर्च विचारतां येतो. व्यापारी मंडळांनीं, वकील मंडळानें आणि उतारूंच्या संघांनीं असे अर्ज नियमानें करावे. त्यांचीं उत्तरें छापण्यास कोणतेंही वर्तमानपत्र आनंदानें जागा देईल.

रेल्वेची बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. ती म्हणेल कीं, नवे डबे एका दिवसांत बनत नाहींत. सुस्थितींतला डबा मोडींत काढणें म्हणजे राष्ट्राचाच पैसा जाळणें. शिवाय दुय्यम मार्गावर वेग कमी, म्हणून धोकाही कमी. पहिल्या दोन गोष्टी आम्ही मान्य करतों, आणि म्हणूनच जुने डबे नकोतच असें आम्ही म्हणत नाहीं. तिसऱ्या गोष्टीस मात्र आमची हरकत आहे. वेग कमी म्हणून धोका कमी, आणि डबा जुना म्हणून वेग कमी, हा तर्क चक्रासारखा फिरत राहतो, आणि त्या चक्रांत जिल्हा जेथल्या तेथें राहतो. विजेच्या तारा ओढल्या त्या कांहीं गाडी रांगत चालावी म्हणून नव्हे. समृद्धि महामार्ग आमच्या कारंजा-मालेगांवच्या शिवारांतून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई सबंध खुला झाला आहे. ज्यांच्या दारीं मोटार आहे ते त्या मार्गानें जातील. ज्यांच्याकडे नाहीं, त्यांची वाट रूळच. आणि ज्यास दुसरा उपाय नाहीं, त्याच्या जिवाची काळजी अधिक घ्यावी, कमी नव्हे.

आतां दोन शब्द आपल्याच लोकांस. परकीयांच्या राज्यांत रेल्वेचा पैसा विलायतेस जातो, हमीचें व्याज रयतेच्या माथीं बसतें, अशी आमच्या वडिलांची तक्रार होती आणि ती खरी होती. महात्माजींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचीं दुःखें लिहून जगापुढें मांडलीं. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें संपला. परंतु मनांतला तिसरा वर्ग अजून संपलेला नाहीं. गाडी आपली झाली, तरी ती सरकारची, अर्थात् कोणाचीच नव्हे, ही भावना कायम आहे. नळ उपटणें, आसनें फाडणें, शौचकूपांत गुटख्याच्या पुड्या कोंबणें, तिकीट न काढतां ओळखीवर बसणें, हे प्रकार आमच्याही मार्गावर होतात हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. विनातिकीट बसणारा प्रत्येक इसम या मार्गावर उतारू नाहींत असें म्हणणाराच्या हातीं एक नवा पुरावा देतो. उद्यां आम्ही जास्त गाड्या मागूं, तेव्हां विकलेल्या तिकिटांचा आंकडाच आमचा साक्षीदार होणार आहे. साक्षीदारास आधींच फितवून मग दावा लावणारा अशील कोणत्या कोर्टांत जिंकला आहे?

तसेंच स्वागताचेही समारंभ जरा आवरते घ्यावे. प्रत्येक नव्या थांब्यास, प्रत्येक रंगविलेल्या डब्यास हिरवा बावटा, फटाके आणि अभिनंदनाचे फलक, अशी आपली रीत पडली आहे. पुढाऱ्यांस तें आवडतें, यांत त्यांचा दोष नाहीं. हार घालणारांचा आहे. बावटा दाखविणाऱ्या पाहुण्यास हार घालण्यापूर्वीं एकानें पुढें होऊन इतकेंच विचारावें कीं, साहेब, हा डबा किती सालचा, याचें कपलिंग बदललें काय, आणि हा येथें किती वर्षें राहणार? उत्तर मिळालें तर हार दुप्पट मोठा घालावा. न मिळालें तर फुलें परत घेऊन यावीं आणि त्याच दिवशीं माहितीचा अर्ज टपालांत टाकावा.

दर्जेदार नवी गाडी हा वाशीमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडलेला नाहीं. परंतु हक्क मिळेपर्यंत हात जोडून बसणें जसें चूक, तसें आलेली सोय रागानें झिडकारणेंही चूक. सुस्थितींतला, हिशेबी, वेळेवर धांवणारा व मुदतीनें बांधलेला जुना डबा वाशीमकरांनीं घ्यावा, त्याचा पुरेपूर उपयोग करावा, त्याची निगा राखावी आणि मुदत भरतांच करारावर बोट ठेवून पुढचा मागावा. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं आमचें हें म्हणणें विरोध म्हणून न घेतां गिऱ्हाइकाची रास्त चौकशी म्हणून घ्यावें. पेठेंत माल घेतांना त्याचें वजन व वय विचारणाऱ्या गिऱ्हाइकावर कोणताही सचोटीचा दुकानदार रागावत नाहीं.